आशाताईंचा आवाज, अमेरिकेचा रॅप: सॅम्पल घेतात म्हणजे नक्की काय घेतात?

एपिसोड ऐकायला वेळ नसेल, किंवा एसटीत रेंज जात असेल, तर हे वाचा. बोललो तसंच लिहिलंय, फक्त आकडे नीट मांडलेत.

आजचं गाणं आहे ब्लॅक आइड पीजचं 'डोन्ट फंक विथ माय हार्ट'. साल २००५, अल्बम 'मंकी बिझनेस'. अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० मध्ये ते तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं आणि २००६ मध्ये रॅप ग्रुपच्या विभागात त्याला ग्रॅमी मिळालं. आता गंमत बघा. गाणं सुरू होतं तेव्हा पहिला आवाज येतो तो रॅपरचा नाही. तो आहे सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांचा.

यात एक नाही, दोन हिंदी गाणी आहेत. पहिलं 'ऐ नौजवान है सब कुछ यहाँ', 'अपराध' सिनेमातलं, १९७२ चं. दुसरं 'ये मेरा दिल यार का दिवाना', 'डॉन'मधलं, १९७८ चं. हेलन ज्यावर नाचते ते. दोन्हीचं संगीत कल्याणजी-आनंदजींचं, शब्द इंदीवर यांचे, गळा आशाताईंचा. 'ये मेरा दिल'साठी आशाताईंना फिल्मफेअरही मिळालं होतं.

पण रॅपवाल्यांना हिंदी सिनेमाच का सापडला? उत्तर आहे फंक. साठच्या दशकात जेम्स ब्राऊनने अमेरिकेत हा प्रकार घडवला. फंकमध्ये सगळा जोर मात्रांच्या चक्रातल्या पहिल्या ठोक्यावर असतो, ते लोक त्याला 'द वन' म्हणतात. आपल्याकडे ढोलकीवाला कितीही फिरून आला तरी समेवर येऊन आदळतो ना, जवळपास तीच मजा. सत्तरच्या दशकात मुंबईच्या स्टुडिओंमध्ये हे वारं पोचलं. खलनायकाचा अड्डा, कॅबरे, गाड्यांचा पाठलाग असले सीन आले की बेस गिटार पुढे यायची आणि ब्रासचे तुकडे झडायचे. कल्याणजी-आनंदजींचं हे काम इतकं फंकी होतं की १९९८ मध्ये डॅन द ऑटोमेटर या अमेरिकन निर्मात्याने त्यावरून 'बॉम्बे द हार्ड वे' नावाचा अख्खा अल्बम काढला. म्हणजे ब्लॅक आइड पीजच्या आधी ७ वर्षं ही वाट पाडून झाली होती.

आता माझ्या आवडीचा भाग. सॅम्पल घेणं म्हणजे कॉम्प्युटरच्या दृष्टीने काय?

डिजिटल आवाज म्हणजे आकड्यांची लांबच लांब यादी. सीडीच्या दर्जाला एका सेकंदात ४४,१०० आकडे लागतात. ३ सेकंदांचा तुकडा कापला तर १,३२,३०० आकडे झाले, स्टिरिओ असेल तर दुप्पट. सॅम्पलर त्या यादीतला एक भाग उचलतो आणि पुन्हा पुन्हा वाजवतो, तोच लूप. तीच यादी जोरात पळवली तर वेग वाढतो आणि पट्टीही चढते. साधारण ६ टक्के वेग वाढवला की सूर अर्ध्या स्वराने वर जातो. पट्टी न बदलता वेग बदलायचा तर वेगळं गणित करावं लागतं. आज तुमच्या फोनमधलं ॲप ते चुटकीसरशी करतं.

पूर्वी तसं नव्हतं. १९८७ चा एसपी-१२०० हा सॅम्पलर हिप-हॉपवाल्यांचा लाडका, पण त्याची एकूण मेमरी फक्त १० सेकंदांची. मग पोरांनी जुगाड केला. ३३ च्या स्पीडची रेकॉर्ड ४५ वर पळवायची, तशीच भरायची आणि मशीनमध्ये परत हळू करायची. १० सेकंदांच्या जागेत साडेतेरा सेकंद बसतात. त्यात आवाज जरा खरखरीत होतो, आणि पुढे तोच खरखरीतपणा स्टाइल ठरला.

इथे एक फरक लक्षात ठेवा. 'डोन्ट फंक'मध्ये आशाताईंच्या मूळ रेकॉर्डिंगचे तुकडे आहेत, ते सॅम्पल. पण त्याच गाण्यात लिसा लिसा अँड कल्ट जॅमच्या ऐंशीच्या दशकातल्या एका हिटची चालही आहे. ती मात्र नव्याने गाऊन घेतली. त्याला म्हणतात इंटरपोलेशन.

आपल्या अजिंठ्याच्या भाषेत सांगतो. १८४४ पासून रॉबर्ट गिल लेण्यांत बसून चित्रांच्या नकला रंगवत होता. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, पण भिंत जागेवर राहिली. नक्कल म्हणजे इंटरपोलेशन. त्याच शतकात काही पाहुण्यांनी मात्र भिंतीवरचा रंगीत गिलावाच काढून नेला. तो मूळ वस्तूचा तुकडा, म्हणजे सॅम्पल. सुदैवाने गाण्याचा तुकडा कापला तरी मूळ गाण्याला भोक पडत नाही. पण मालक कोण, हा प्रश्न दोन्हीकडे उरतोच.

आणि गाण्याला मालक दोन प्रकारचे असतात. चाल आणि शब्द हा एक हक्क. रेकॉर्डिंग, ज्याला मास्टर म्हणतात, हा दुसरा. इंटरपोलेशनला पहिला पुरतो, सॅम्पलला दोन्ही लागतात. 'डोन्ट फंक'च्या गीतकार-संगीतकारांच्या यादीत कल्याणजी-आनंदजी आणि इंदीवर यांची नावं आहेत. आशाताईंचं नाव त्या यादीत येत नाही, कारण गायकाने चाल बांधलेली नसते. आणि १९७८ मध्ये भारतीय कायद्यात गायकाचा वेगळा हक्क नव्हताच. तो आला १९९४ मध्ये, आणि रॉयल्टीचा स्पष्ट हक्क २०१२ च्या दुरुस्तीत. म्हणजे जगाने जो आवाज ऐकला, त्याच्या मालकिणीसाठी कायद्यात रकानाच नव्हता.

परवानगी घेतली नाही तर काय होतं, तेही बघू. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्सचं 'ॲडिक्टिव्ह' गाजलं, बिलबोर्डवर नवव्या नंबरपर्यंत गेलं. निर्माता डीजे क्विकने त्यात लतादीदींचं 'थोडा रेशम लगता है' वापरलं होतं, १९८१ च्या 'ज्योती'मधलं, संगीत बप्पी लाहिरींचं. प्रकरण कोर्टात गेलं. २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोर्टाने सांगितलं, अल्बमवर लाहिरींचं नाव द्या, नाहीतर विक्री थांबवा. आपण म्हणू, चला, न्याय झाला! पण पुढे निघालं की संगीताचे हक्क तेव्हाच सिनेमाच्या निर्मात्याकडे गेले होते, लाहिरींकडे कॉपीराइट नव्हताच. केस गेली, आणि २०१० मध्ये अपील कोर्टाने त्यांच्या वकिलाला झालेला दंडही कायम ठेवला. चाल ज्याची, मालकी त्याची, असं असेलच असं नाही. मालकी कागदावर ठरते.

हे तुम्हाला का सांगतोय? कारण तुमच्यातले बरेच जण फोनवर बीट बनवता. जुनी लावणी, कोळीगीत किंवा भारुडाची रेकॉर्ड सापडली की हात शिवशिवतो. तर तीन गोष्टी.

एक, 'इतके सेकंद चालतात' असा नियम भारतीय कायद्यात नाही. ती अफवा आहे. दोन, भारतात रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९७२ चं रेकॉर्डिंग २०३२ संपेपर्यंत कोणाच्या तरी मालकीचं आहे. चाल आणि शब्दांचा हक्क त्याहून लांब, निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. तीन, पारंपरिक लोकगीताची चाल सगळ्यांची असली, तरी ते कोणी गाऊन काढलेलं रेकॉर्डिंग सगळ्यांचं नसतं. मग गावातल्या ढोलकीवाल्याला बोलवा, त्याचे पैसे द्या, नवीन रेकॉर्ड करा आणि नाव लिहा. एका कागदावर सही घ्या, दोस्तीत असलं तरी. आवाज तुमच्या पट्टीत मिळेल आणि उद्या गाणं चाललं तर भांडण नाही.

आता हेडफोन लावा. आधी 'अपराध'चं गाणं, मग 'डॉन'चं, आणि शेवटी 'डोन्ट फंक'. कुठे कापलंय ते स्वतः शोधा, आणि सापडलं तर ते कोणत्या मिनिटाला आहे, मला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडला.