मानसशास्त्रज्ञांची क्रमवारी आणि उद्धरणांचा हिशेब : गैरसमज आणि वस्तुस्थिती

चंद्रपूर-गडचिरोलीतील एखाद्या महाविद्यालयात प्राध्यापकाच्या पदोन्नतीचे दप्तर छाननीस येते तेव्हा, आणि २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठात मानसशास्त्राचा विद्यार्थी मार्गदर्शकाच्या शोधास लागतो तेव्हाही, अमक्याची सायटेशन किती आणि तमक्याचा एच-निर्देशांक किती, हा प्रश्न हटकून निघतो. एका संशोधकाने आपल्या लेखात दुसऱ्याच्या लेखाचा दिलेला दाखला म्हणजे सायटेशन अथवा उद्धरण. अशा दाखल्यांची मोजदाद करून विद्वानांचा अनुक्रम लावण्याचा जो शिरस्ता जगभर पडला आहे, त्याविषयीचे चार समज तपासून घेणे अगत्याचे आहे.

गैरसमज १ : ज्याची उद्धरणे अधिक, तो श्रेष्ठ.

वस्तुस्थिती : २००२ साली स्टीव्हन हॅगब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकातील शंभर श्रेष्ठ मानसशास्त्रज्ञांची यादी प्रसिद्ध केली. नियतकालिके आणि पाठ्यपुस्तके या दोहोंतील उद्धरणांत सिग्मंड फ्रॉइड अग्रस्थानी होते. परंतु मानसशास्त्रज्ञांचा कौल आणि मानसन्मान हेही जमेस धरल्यावर बी. एफ. स्किनर पहिले, ज्याँ पियाजे दुसरे आणि फ्रॉइड तिसरे ठरले. नियतकालिकांच्या त्याच मोजणीत तिसरे आलेले हान्स आयझेंक यांचे, व्यक्तिमत्त्वाचा कर्करोगाशी व हृदयविकाराशी संबंध जोडणारे सहलेखनातील २६ लेख, त्यांच्या निधनानंतर २२ वर्षांनी, २०१९ मध्ये, भरवशाचे नसल्याचा निर्वाळा लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या चौकशीने दिला. शिवाय खंडनासाठी केलेले उद्धरणही मोजणीत समर्थनाच्याच बरोबरीने धरले जाते. लाकूड डेपोत सागाच्या ओंडक्याचा घेर टेप लावून बिनचूक नोंदवता येतो, पण गाभा घट्ट आहे की पोखरलेला, हे घेराच्या आकड्यावरून कळत नाही. उद्धरणांचा आकडा याच जातीचा आहे.

गैरसमज २ : एच-निर्देशांक हा एकच अचूक आकडा आहे.

वस्तुस्थिती : भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी २००५ मध्ये हा निर्देशांक सुचवला. ज्याच्या किमान वीस लेखांना प्रत्येकी किमान वीस उद्धरणे मिळाली, त्याचा निर्देशांक किमान वीस. आता असे समजा, की एकाच्या पाच लेखांस अनुक्रमे ९००, ४०, ६, ३ आणि १ उद्धरणे मिळाली आणि दुसऱ्याच्या पाचही लेखांस केवळ पाच-पाच. तर पहिल्याचा निर्देशांक तीन आणि दुसऱ्याचा पाच निघतो, म्हणजे ज्या एका लेखाने विषयाला दिशा दिली असेल त्याचे मोल या हिशेबात जवळजवळ बुडून जाते. शिवाय गूगल स्कॉलर ग्रंथ व प्रबंधही मोठ्या प्रमाणावर मोजते, तर स्कोपस हा संग्रह निवडक नियतकालिकांवर भर देतो. त्यामुळे एकाच व्यक्तीचा निर्देशांक दोन ठिकाणी दोन निघतो. हा निर्देशांक वयाबरोबर वाढतो, कधी उतरत नाही; म्हणून तरुण संशोधकाची ज्येष्ठाशी त्यावरून तुलना करणे हा सरळ अन्याय होय.

गैरसमज ३ : ‘स्टॅनफर्डच्या दोन टक्क्यांच्या यादीत’ नाव येणे म्हणजे त्या विद्यापीठाने केलेला गौरव.

वस्तुस्थिती : जगातील आघाडीच्या दोन टक्के संशोधकांची ही यादी त्या विद्यापीठातील प्राध्यापक जॉन आयोनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या माहितीवरून सिद्ध करतात; तिच्यासाठी अर्ज नाही, निवड समिती नाही, सनदही नाही. एकूण उद्धरणे, एच-निर्देशांक, एकट्याने किंवा प्रथम लेखक म्हणून लिहिलेल्या लेखांची उद्धरणे अशा सहा मापांतून एक गुणांक काढला जातो, आणि चिकित्सा, सामाजिक, विकासात्मक व प्रायोगिक मानसशास्त्र अशा उपशाखांतील स्थान वेगळे दिले जाते. लेखकाने स्वतःच स्वतःला किती वेळा उद्धृत केले, तेही तीत नमूद असते. वाचणाऱ्याने तो रकाना आधी पाहावा.

गैरसमज ४ : जे मोजले गेले नाही, ते मोलाचे नाही.

वस्तुस्थिती : मानसशास्त्राच्या सहा प्रमुख अमेरिकी नियतकालिकांतील २००३ ते २००७ या काळातील संशोधन तपासले असता, अभ्यासलेली सुमारे ९६ टक्के माणसे पाश्चात्त्य औद्योगिक देशांतील निघाली, गडचिरोलीतील भामरागडच्या माडिया आदिवासी मुलाचे मन त्या ज्ञानात क्वचितच आले, आणि मराठीत लिहिलेला प्रबंध तर या मोजणीच्या दप्तरात सहसा दाखलच होत नाही. दुसरीकडे, मानसशास्त्राबाहेरचा परंतु याच मातीतला दाखला पाहा : डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना शिकवून घरोघर नवजात बालकांची शुश्रूषा करवली, ४७ गावांशी तुलना केली, आणि तिसऱ्या वर्षी नवजातांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. त्या लेखाची उद्धरणे मोजता येतात. पण २०११ पासून आशा कार्यकर्तींच्या द्वारे ही पद्धत देशभर गेली, याची नोंद कोणत्याही उद्धरण-निर्देशांकात होत नाही.

म्हणून छाननी समितीने आकडा अवश्य पाहावा, पण तो त्याच उपशाखेतील समवयस्कांच्या आकड्याशेजारी ठेवून, कोणत्या संग्रहातून घेतला हे लिहून, आणि उमेदवाराचे निदान दोन लेख स्वतः वाचून. संशोधनाचे मूल्यमापन नियतकालिकाच्या प्रतिष्ठेऐवजी कार्याच्या गुणावर करावे, असे २०१३ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यानेही बजावले आहे. आणि जेथे ग्रंथालये लहान व मार्गदर्शक थोडे, तेथे विद्यार्थ्याच्या भवितव्याचा निवाडा केवळ आकड्यावर सोडणे कोणत्याही समितीस परवडणारे नाही.