जू बैलाला बेतावे, टेबल माणसाला : विस्तार कार्यकर्त्याच्या पाठीचे शास्त्र

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी किंवा तूप चोळले जाते. या प्रथेमागे कृतज्ञता आहे, तसेच अनुभवाचे शहाणपणही आहे. जू मानेला नीट बसले नाही, तर बैलाचा खांदा येतो आणि खांदा आलेला बैल पेरणीच्या ऐन घातीत बसून राहतो, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते. अशा वेळी जाणता शेतकरी जू तासून घेतो, बदलतो. बैलाने जुवाला जुळवून घ्यावे अशी अपेक्षा तो करीत नाही. हाच न्याय माणसाच्या टेबलाला आणि खुर्चीला लावलेला मात्र क्वचितच दिसतो.

कृषी विस्ताराचे काम गेल्या काही वर्षांत बांधावरून टेबलाकडे सरकले आहे. पीएम-किसान योजना २०१९ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून मोबाइलवर आली. अनुदानाचे अर्ज, लाभार्थ्यांच्या याद्या, हवामान सल्ल्याचे संदेश आणि प्रात्यक्षिकांचे अहवाल आता संगणकावरच तयार होतात. देशभरातील सातशेहून अधिक कृषी विज्ञान केंद्रांत आणि गावोगावच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या कार्यालयांत हेच चित्र आहे. सकाळी शिवारफेरी आणि दुपारनंतर पडद्यासमोर बैठक असा दिनक्रम झालेल्या कार्यकर्त्याची मान आखडते, कंबर धरते, डोळे चुरचुरतात. अशा अवस्थेत बँक खात्याचा किंवा गट क्रमांकाचा एक आकडा चुकला, तर त्याची झळ एखाद्या शेतकऱ्याच्या अनुदानाला बसते. म्हणूनच हा प्रश्न केवळ वैयक्तिक आरामाचा राहत नाही.

कृषी अध्यापकाने दिलेला शब्द

काम आणि शरीर यांचा मेळ घालणाऱ्या शास्त्राला अर्गोनॉमिक्स म्हणतात. ‘एर्गॉन’ म्हणजे काम आणि ‘नोमॉस’ म्हणजे नियम, या दोन ग्रीक शब्दांपासून हे नाव तयार झाले. पोलंडचे निसर्गशास्त्रज्ञ वोइचेख यास्त्शेंबोव्स्की यांनी ते १८५७ मध्ये प्रथम वापरले. विशेष म्हणजे, ते वॉर्साजवळील मारिमोंत येथील कृषी व वनविद्येच्या संस्थेत अध्यापक होते. पुढे हा शब्द जवळजवळ विस्मरणात गेला आणि १९४९ मध्ये ब्रिटनमध्ये हायवेल मरेल यांच्या पुढाकाराने पुन्हा प्रचारात आला. आज कार्यालयीन खुर्च्यांच्या जाहिरातींत दिसणाऱ्या या शब्दाचे पहिले नाते अशा रीतीने शेतीच्या शाळेशी आहे.

भारतात या विषयाचा पाया प्रामुख्याने शेती अवजारांच्या निमित्ताने घातला गेला. भोपाळ येथे १९७६ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आणि तेथून चालणारा शेतीतील अर्गोनॉमिक्स व सुरक्षितताविषयक अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प यांनी विविध राज्यांतील शेतमजूर स्त्री-पुरुषांच्या शरीराची मोजमापे घेतली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संकलनात ७९ शरीरमापे आणि १६ प्रकारच्या शक्तिमापांची नोंद आहे. दातेरी विळा, मका सोलणी यंत्र, टोकणी यंत्र यांसारखी साधने हाताळणाऱ्याच्या मापाची असावीत, हा त्यामागील हेतू होता. विळ्याची मूठ ज्या विचाराने ठरते, त्याच विचाराने टेबलाची उंचीही ठरायला हवी.

दहा सेंटिमीटरचा हिशेब

बाजारातील बहुतेक कार्यालयीन टेबले सुमारे ७५ सेंटिमीटर उंच असतात आणि साध्या खुर्चीची बैठक सुमारे ४५ सेंटिमीटरवर असते. भारतीय स्त्रियांची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास आहे. अशा उंचीच्या एखाद्या महिलेचे कोपर, खांदे सैल सोडून बसल्यावर, बैठकीपासून २० सेंटिमीटरवर येते असे धरू. म्हणजे जमिनीपासून तिचे कोपर ६५ सेंटिमीटरवर राहिले. टंकलेखनासाठी हात मात्र ७५ सेंटिमीटरवर ठेवावे लागतात. उरलेले दहा सेंटिमीटर ती खांदे उचलून भरून काढते. दिवसभर उचलून धरलेले हे खांदेच संध्याकाळी मान आखडण्याचे कारण होतात.

यावर उपाय दोन प्रकारे करता येतो. टेबल बदलणे शक्य असल्यास कीबोर्ड कोपराच्या पातळीवर येईल असा खालचा सरकता फळा सुताराकडून बसवून घ्यावा. ते शक्य नसेल, तर बैठकीवर घट्ट गादी ठेवून कोपर टेबलाच्या पातळीला आणावे. मात्र बैठक उंच झाली की पाय अधांतरी राहतात, मांडीच्या मागील बाजूवर कडेचा दाब पडतो आणि पायांना मुंग्या येतात. म्हणून गादीबरोबर पायाखाली तेवढ्याच उंचीचा पाट किंवा लाकडी ठोकळा आवश्यक ठरतो. गादी घेतली आणि पाट विसरला, तर एक दुखणे जाऊन दुसरे येते.

बैठकीची खोलीही पाहावी. पाठ टेकवून बसल्यावर बैठकीची पुढची कड आणि गुडघ्यामागची खाच यांमध्ये दोन ते तीन बोटांचे अंतर असावे. बैठक जास्त खोल असेल, तर माणूस पुढे सरकून बसतो आणि पाठीचा टेकू सुटतो. कमरेच्या खोलगट भागाशी गुंडाळलेला टॉवेल किंवा छोटी उशी ठेवली, तरी हा दोष बराच कमी होतो. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधील चकत्यांवर येणारा दाब प्रत्यक्ष मोजला. पुढे वाकल्याने हा दाब वाढतो, हे त्यातून दिसले. पाठ किंचित मागे टेकवून आणि कमरेला आधार देऊन बसल्यास तो कमी होतो, हेही त्या मालिकेतील पुढील मोजणीतून स्पष्ट झाले.

मान, डोळे आणि पडदा

प्रौढ माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते साडेपाच किलो असते. मान सरळ असताना हा भार मणक्यांवर सहज तोलला जातो. मणक्यांचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये संगणकीय प्रतिमानाच्या साहाय्याने केलेल्या गणितानुसार मान १५ अंश झुकल्यास मानेच्या मणक्यांवरील भार सुमारे १२ किलो, तर ६० अंश झुकल्यास सुमारे २७ किलो होतो. मोबाइल मांडीवर ठेवून अर्ज भरणाऱ्याची मान बहुधा या दुसऱ्या टोकाकडे झुकलेली असते. मोबाइल छातीच्या उंचीवर धरून कोपरांना टेबलाचा आधार देणे हा त्यावरील बिनखर्ची उपाय आहे. दीर्घ मजकुरासाठी मराठीत बोलून लिहिण्याची सोय वापरल्यास अंगठ्यांवरील ताणही वाचतो.

लॅपटॉपचा दोष त्याच्या रचनेतच आहे. पडदा आणि कळा एकत्र जोडलेल्या असल्याने कळा योग्य उंचीवर ठेवल्या तर मान वाकते, पडदा वर घेतला तर हात उचलावे लागतात. दिवसात तास-दोन तासांपेक्षा अधिक काम असल्यास स्वतंत्र कीबोर्ड आणि माउस घ्यावा व लॅपटॉप एखाद्या खोक्यावर किंवा जुन्या बांधीव नोंदवह्यांवर ठेवावा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर किंवा किंचित खाली आणि पडदा हातभर अंतरावर असावा. दुहेरी भिंगाचा चष्मा असणाऱ्यांनी पडदा आणखी थोडा खाली घ्यावा. अन्यथा खालच्या भिंगातून पाहण्यासाठी हनुवटी वर करावी लागते आणि मानेचे दुखणे उलट्या दिशेने सुरू होते. खिडकी पडद्याच्या समोर किंवा मागे न ठेवता बाजूला ठेवल्यास चकाकी टळते.

पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या मिटण्याचे प्रमाण घटते, त्यामुळे डोळे कोरडे पडतात. दर २० मिनिटांनी २० फूट दूरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे, हा नेत्रतज्ज्ञांचा सल्ला आचरणास सोपा आहे. कार्यालयाच्या खिडकीतून दिसणारे आंब्याचे किंवा कडुलिंबाचे झाड त्यासाठी पुरेसे आहे.

बसणे हेही श्रम आहेत

शेतातील श्रम दिसतात. बसण्याचे श्रम दिसत नाहीत. एकाच स्थितीत राहणारा स्नायू सतत आकुंचन पावलेला असतो, त्यातील रक्तप्रवाह कमी होतो आणि थकवा साचतो. मणक्यांमधील चकत्यांना प्रौढ वयात स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. हालचालींमुळे बदलणाऱ्या दाबाचा त्यांच्या पोषणाला हातभार लागतो. म्हणून सर्वांत चांगली खुर्चीही सलग चार तासांची बैठक निरुपद्रवी करू शकत नाही. दर अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे चालावे. फोनवरील संभाषण उभ्याने करावे. पाण्याची बाटली टेबलावर न ठेवता माठापर्यंत जावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही बैठा वेळ कमी करावा आणि प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे म्हटले आहे.

विस्तार कार्यकर्त्याच्या बाबतीत मोटारसायकलचा प्रवास हा आणखी एक घटक आहे. संपूर्ण शरीराला बसणारी कंपने हे कंबरदुखीचे मान्य कारण आहे. खडबडीत रस्त्यावर तासभर गाडी चालवून आल्यावर लगेच वाकून जड पिशवी उचलणे किंवा थेट खुर्चीत बसणे टाळावे. पाच मिनिटे चालून, कंबर मागे ताणून मग कामाला बसावे. नमुन्यांची आणि पुस्तिकांची पिशवी एका खांद्याला अडकवण्याऐवजी गाडीवर बांधावी किंवा दोन्ही खांद्यांवर घेता येईल अशी वापरावी.

प्रतवारीचे टेबल

प्रगतिशील शेतकऱ्यांसाठी हे शास्त्र कार्यालयापुरते मर्यादित नाही. डाळिंब, टोमॅटो किंवा मिरची यांची प्रतवारी अनेक ठिकाणी स्त्रिया जमिनीवर उकिडव्या बसून, पुढे वाकून करतात. साध्या लोखंडी चौकटीचे टेबल केल्यास हेच काम उभ्याने किंवा उंच स्टुलावर टेकून करता येते. उभ्याने करायच्या हलक्या कामासाठी टेबलाची पातळी कोपरापेक्षा ५ ते १० सेंटिमीटर खाली असावी. स्त्रीचे कोपर जमिनीपासून ९५ सेंटिमीटरवर असेल, तर टेबल ८५ ते ९० सेंटिमीटरचे हवे. मजुरांची उंची वेगवेगळी असल्याने टेबल उंच व्यक्तीच्या मापाचे करून ठेंगण्या व्यक्तींच्या पायाखाली फळी देणे अधिक सोयीचे ठरते. क्रेट जमिनीवर न ठेवता विटांच्या किंवा लाकडी चौथऱ्यावर ठेवल्यास प्रत्येक खेपेचे वाकणे वाचते. कमी दमलेल्या हातांकडून प्रतवारीही अधिक काटेकोर होते.

दुर्लक्ष करू नये अशी लक्षणे

बैठक सुधारूनही काही दुखणी राहतात आणि त्यांना डॉक्टरांचीच गरज असते. कंबरेपासून पायात उतरणारी कळ, पायात बधिरपणा किंवा कमजोरी जाणवल्यास तपासणी लांबवू नये. त्याबरोबर लघवी किंवा शौचावरील नियंत्रण गेल्यास ती तातडीची स्थिती समजावी. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होऊन जाग येत असेल, तर मनगटातील नस दाबली जात असण्याची शक्यता असते. वेदनाशामक गोळी घेऊन त्याच खुर्चीत त्याच प्रकारे बसत राहणे म्हणजे आलेल्या खांद्यावर पुन्हा तेच जू ठेवणे होय.

मासिक बैठकीतील अर्धा तास

माती परीक्षणाशिवाय खताची मात्रा ठरवू नये, असे सांगणाऱ्या कार्यकर्त्याने मोजमापाशिवाय टेबलाची मागणी नोंदवू नये. मासिक बैठकीत अर्धा तास राखून, एक टेप आणि एक वही घेऊन ही तपासणी करता येते. प्रत्येकाने खांदे सैल सोडून बसावे. सहकाऱ्याने जमिनीपासून कोपराची, गुडघ्यामागील खाचेची आणि डोळ्यांची उंची मोजावी. शेजारी टेबल, बैठक आणि पडद्याची वरची कड यांची उंची लिहावी. दोन स्तंभांतील फरक हाच उपायांचा आराखडा असतो. कोणाला पाट हवा, कोणाला उशी, कोणाला स्वतंत्र कीबोर्ड, हे त्यातून निश्चित होते. यातील बहुतेक वस्तू स्थानिक सुताराकडे किंवा कार्यालयाच्या अडगळीतच मिळतात. पुढील फर्निचर खरेदीच्या वेळी हीच वही समोर ठेवल्यास सर्वांसाठी एकाच मापाच्या खुर्च्या घेण्याऐवजी उंची बदलता येणाऱ्या खुर्च्यांची मागणी आधारासह करता येते.

तीन महिन्यांनी हीच मोजणी पुन्हा करावी आणि त्यासोबत प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा : संध्याकाळी घरी जाताना मान आणि कंबर पूर्वीपेक्षा कमी दुखते का? उत्तर ‘नाही’ असेल, तर जू अजून नीट बसलेले नाही, असे समजून पुन्हा टेप हातात घ्यावा.