ॲप्रन न घालणारी माणसं

सकाळी साडेदहाच्या राउंडला डॉक्टर म्हणतात, ‘‘आज घरी सोडू या.’’ घरचे लोक पिशव्या भरायला लागतात, गावाकडे फोन जातो, गाडी सांगून ठेवली जाते. रुग्ण प्रत्यक्ष घरी पोहोचतो तो संध्याकाळी सात-साडेसातला. मधले आठ-नऊ तास कुठे गेले, हे ज्यानं मोठ्या रुग्णालयात आपलं माणूस ठेवलंय त्याला विचारावं. ‘फाइल खाली गेलीय’, ‘फार्मसीचं क्लिअरन्स राहिलंय’, ‘टीपीएचं अप्रूव्हल यायचंय’ ही वाक्यं त्याला पाठ झालेली असतात.

या तासांचा माग काढण्यासारखा आहे. डिस्चार्ज समरी लिहायची असते निवासी डॉक्टरनं, आणि तो त्या वेळी ओटीत असतो. वॉर्डातल्या सिस्टर उरलेली औषधं फार्मसीला परत पाठवतात; ती मोजून बिलातून वजा व्हायला वेळ जातो. एखादी तपासणी झालेली असते, पण बिलावर चढलेली नसते. सगळं जुळून अंतिम बिल विमा कंपनीकडे गेलं, की तिकडून शंका येते: अमुक इंजेक्शन पाच दिवस का दिलं? त्याचं उत्तर द्यायला पुन्हा तोच निवासी डॉक्टर हवा असतो. तोवर तळमजल्यावर कॅज्युअल्टीत दुसरा एक रुग्ण याच खाटेची वाट पाहत स्ट्रेचरवर असतो.

विमा नियामक प्राधिकरणानं मे २०२४मध्ये यावर वेळेची मर्यादा घातली. कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय, आणि डिस्चार्जची विनंती आल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी. उशीर झाला आणि त्यामुळे रुग्णालयानं जास्तीचे पैसे लावले, तर ते विमा कंपनीनं सोसायचे. नियम चांगला आहे. पण कंपनीचं घड्याळ सुरू होतं ते रुग्णालयाचे कागद तिच्याकडे पोहोचल्यावर. त्याआधीचे तास रुग्णालयाचे, आणि ते कमी करणं हे डॉक्टरांचंही काम नाही, सिस्टरांचंही नाही. ते ज्यांचं काम आहे त्यांनी हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचा अभ्यासक्रम केलेला असतो. बोलण्यात त्यालाच एमएचए म्हणतात. ही मुलंमुली पुढे कुठे जातात, काय करतात आणि कुठे पोहोचायला हवी होती पण पोहोचत नाहीत, हे पाहावं म्हणून हा लेख.

रुग्णालय चालवण्याचं वेगळं शिक्षण असावं, हा विचार तसा जुना. शिकागो विद्यापीठानं १९३४मध्ये या विषयाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्ये तो १९६६पासून आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातही हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये एमडी करता येतं. या दोन्ही वाटा एमबीबीएस झालेल्यांसाठी. १९८४मध्ये जयपूरला आयआयएचएमआर ही आरोग्य व्यवस्थापनाची संस्था उभी राहिली. मुंबईत देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आणि पुण्यात सिम्बायोसिसमध्ये डॉक्टर नसलेल्यांनाही दार उघडं झालं. आज या वर्गांत डोकावलं, तर दंतवैद्य, आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे पदवीधर, फिजिओथेरपिस्ट, परिचारिका, फार्मसीवाले आणि साधे बीकॉम, बीएस्सी असे सगळे शेजारी-शेजारी बसलेले दिसतात. दंतवैद्यांची संख्या डोळ्यांत भरते. स्वतःचा दवाखाना थाटायला लागणारं भांडवल आणि चौकाचौकात आधीच असलेले दवाखाने यांचा हिशेब करून ती मुलं इकडे वळतात. घरच्यांना मात्र बराच काळ प्रश्न पडलेला असतो, की पाच वर्षं दात शिकून हा आता ऑफिसात का बसलाय?

मागणी वाढली ती गेल्या चार दशकांत, आणि टप्प्याटप्प्यानं. १९८३मध्ये चेन्नईत अपोलो सुरू झालं, आणि रुग्णालय कंपनी म्हणूनही चालू शकतं हे देशानं पाहिलं. २००१मध्ये विम्याच्या मध्यस्थांचे म्हणजे टीपीएंचे नियम आले आणि प्रत्येक मोठ्या रुग्णालयात एक नवं टेबल मांडलं गेलं. नंतर रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएचचं मानांकन आलं. संसर्ग किती झाले, औषधं देताना चुका किती झाल्या, पडलेले रुग्ण किती, हे मोजून लिहून ठेवणारी माणसं लागू लागली. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ला आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली आणि २०१७मध्ये महात्मा जोतिराव फुले यांच्या नावानं ओळखली जाऊ लागली. सप्टेंबर २०१८मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. सरकारी पैशानं खासगी रुग्णालयात उपचार म्हटलं, की पूर्वपरवानगी, पॅकेज, दावा आणि त्याची छाननी हे ओघानं आलंच. या योजनांसाठी रुग्णांना मदत करणारा, रुग्णालयाच्या दारातला आरोग्यमित्र सगळ्यांना दिसतो. त्याच्या मागची दाव्यांची यंत्रणा दिसत नाही, आणि तिथे या पदवीधरांना आज बरंच काम मिळतं.

पहिली नोकरी बहुधा टीपीए डेस्क, फ्रंट ऑफिस, क्वालिटी किंवा ऑपरेशन्समध्ये. फ्लोअर मॅनेजरचा दिवस रात्रीच्या खाटांच्या हिशेबानं सुरू होतो: किती भरल्या, किती आज रिकाम्या होतील, ओटीच्या यादीतल्या किती रुग्णांना संध्याकाळी आयसीयू लागेल. मग लिफ्ट बंद, लिनन आलं नाही, नातेवाईक आणि सिस्टर यांची बाचाबाची, बायोमेडिकलवाल्यांना व्हेंटिलेटर दाखवायचाय, पिवळ्या पिशवीत टाकायचा कचरा लाल पिशवीत गेलाय. कचऱ्याचा रंग चुकला तर तो कुणाच्या हाताला टोचेल याचा विचार करणारं त्या मजल्यावर दुसरं कुणी असतंच असं नाही. चार-पाच वर्षांनी वाटा फुटतात. कुणी विमा कंपनीत दावे तपासायला जातं, म्हणजे टेबलाच्या पलीकडे. कुणी रुग्णालयांची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत, कुणी सल्लागार संस्थेत, कुणी आखाती देशांत. काही थोडे जिथे लागले तिथेच चढत युनिट हेड होतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. खासगी साखळी रुग्णालयांत वर चढताना यांच्या कामाचं माप बदलत जातं. एआरपीओबी नावाचा एक आकडा असतो. एका भरलेल्या खाटेमागे रोजचं सरासरी उत्पन्न किती, हे तो सांगतो. शेअर बाजारात नोंदलेल्या रुग्णालय कंपन्या दर तिमाहीला तो जाहीर करतात. खर्च भागवायचा तर उत्पन्न मोजावंच लागतं, त्यात गैर काही नाही. पण ज्या मुलीनं वर्गात रुग्णसुरक्षा शिकली, तिचं वार्षिक मूल्यमापन जर या एकाच आकड्यावर होऊ लागलं, तर ती हळूहळू व्यवस्थापक न राहता वसुली अधिकारी होते. हुशार आणि मनापासून काम करणारी मुलं दहाएक वर्षांत हा व्यवसाय सोडतात, त्याचं एक मोठं कारण हे आहे असं माझं मत आहे.

व्यवस्थापन आणि सेवा यांचं वैर नसतं, याचा पुरावा मदुराईत आहे. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७६मध्ये ११ खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. १९८१मध्ये तिथे आर. डी. तुलसीराज आले. ते डॉक्टर नव्हते, कोलकात्याच्या आयआयएममधून शिकलेले होते. शस्त्रक्रियागृहात दोन टेबलं शेजारी-शेजारी; एकावरची शस्त्रक्रिया संपते तोवर दुसऱ्यावरचा रुग्ण तयार असतो, आणि त्याची सगळी तयारी खेड्यापाड्यांतून येऊन तिथेच शिकलेल्या मुली करतात. सर्जनचा एक मिनिटही वाया जात नाही. म्हणून पैसे देणाऱ्या रुग्णांच्या जिवावर मोठ्या संख्येनं मोफत किंवा नाममात्र दरात डोळे वाचवले जातात. १९९२मध्ये त्यांनी हेच इतरांना शिकवणारी संस्थाही काढली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया इतर ठिकाणीही तशीच होते. फरक पडला तो काम रचणाऱ्यांमुळे.

महाराष्ट्रात हे शिक्षण कुठे कमी पडतंय, ते आठवायला त्रास होतो. ९ जानेवारी २०२१च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. १७ बाळांपैकी १० गेली. २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, दाब उतरला आणि किमान २२ रुग्ण दगावले. भंडाऱ्यानंतर राज्यभर अग्निसुरक्षेच्या तपासण्यांचे आदेश निघाले होते. तरीही दहा महिन्यांनी, ६ नोव्हेंबरला, अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा आयसीयू पेटला आणि ११ जणांचा जीव गेला. यातल्या कुठल्याच ठिकाणी निदान चुकलं नव्हतं की औषध चुकलं नव्हतं. विजेचा भार, व्हॉल्व्ह, दाबाचा अलार्म, आणीबाणीत कुणी कुठल्या दारानं कुणाला बाहेर काढायचं याची रंगीत तालीम, या गोष्टी वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात नसतात. एमएचएच्या अभ्यासक्रमात असतात.

ऑक्टोबर २०२३मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बाळं होती. दोन दिवसांनी एका खासदारांनी तिथल्या अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं आणि ती चित्रफीत राज्यभर फिरली. त्या अपमानाची चीड आली ती योग्यच होती. पण त्या दृश्यातली एक गोष्ट चर्चेत आली नाही. अध्यापन, परीक्षा, शस्त्रक्रिया, औषधखरेदी, न्यायालयाच्या तारखा, मंत्र्यांचे दौरे आणि नळाची गळती, हे सगळं एकाच डॉक्टरच्या माथी मारून आपण दशकानुदशकं सरकारी रुग्णालयं चालवत आलो आहोत. जिल्हा शल्यचिकित्सकाचंही तेच. उत्तम सर्जन आपल्या कारकिर्दीची शेवटची वर्षं निविदांच्या फायलींवर सह्या करण्यात घालवतो, आणि ते काम त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

दारं अगदीच बंद आहेत असं नाही. २००५च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानं जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापकाचं पद आणलं, आणि या पदवीधरांना सरकारी आरोग्यसेवेत पहिल्यांदा खुर्ची मिळाली. बिहारनं अभियानाच्या पैशातून रुग्णालयांना हॉस्पिटल मॅनेजर दिले. पण ही पदं कंत्राटी. आज ११ महिन्यांचा करार, उद्याचं माहीत नाही. महाराष्ट्रात अभियानाच्या कंत्राटी कर्मचाऱ्यांनी सेवेत कायम करा म्हणून वारंवार संप केले आहेत. ज्याची स्वतःची नोकरी पुढच्या मार्चला राहील की नाही याची खात्री नाही, तो ठेकेदाराला दंड कसा करणार, वरिष्ठांना नाही कसं म्हणणार? २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाची स्वतंत्र सेवाश्रेणी प्रत्येक राज्यात असावी असं सुचवलं आणि एप्रिल २०२२मध्ये केंद्रानं तिच्या मार्गदर्शक सूचनाही काढल्या. राज्यांनी ते मनावर घ्यायला हवं.

आणखी एक जागा या मुलांसाठी मोलाची आहे: धर्मादाय रुग्णालयं. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ ककनुसार आणि मुंबई उच्च न्यायालयानं घालून दिलेल्या योजनेनुसार, १ सप्टेंबर २००६पासून या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या आहेत. एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची आहे. त्या खाटा त्या दिवशी खरोखर रिकाम्या आहेत की नाहीत, आणि दारात उभ्या असलेल्या बाईला त्या आहेत हे सांगितलं जातं की नाही, हे कायद्याच्या पुस्तकात ठरत नाही. ते ॲडमिशनच्या खिडकीवर ठरतं. त्या खिडकीमागे कायदा माहीत असलेलं आणि तो पाळायची मुभा असलेलं माणूस बसलं, तर एका कुटुंबाचं शेत विकायचं वाचतं.

या अभ्यासक्रमाचा विचार करणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना माझं सांगणं असं, की संस्थेच्या माहितीपत्रकातल्या पहिल्या पगाराच्या आकड्यावर जाऊ नका. तिथले पाच वर्षांपूर्वीचे विद्यार्थी आज कुठे आहेत ते विचारा. इंटर्नशिपचे किती महिने प्रत्यक्ष वॉर्डात, आणि त्यांतले किती सरकारी रुग्णालयात, हे विचारा. पहिली नोकरी क्वालिटीत मिळाली आणि पगार दोन-चार हजारांनी कमी असला, तरी ती घ्या. रुग्णालय आतून कळतं ते तिथे.

आणि वाचकांपैकी कुणी आपल्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीवर असाल, तर पुढच्या बैठकीत फायर ऑडिटचा शेवटचा अहवाल टेबलावर मागा. त्यात दाखवलेल्या त्रुटींपैकी कोणत्या कोणत्या तारखेला दूर झाल्या, ते विचारा. उत्तर द्यायला तिथे कुणी नेमलेलंच नसेल, तर ते तसं इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्या पदाची मागणी त्याच बैठकीत ठरावानं वर पाठवा.