सौर पंपाची धार बारीक झाली? आधी सावली पाहा, मग पॅनलला दोष द्या



कांद्याची लागण झालेली असते, गहू-हरभऱ्याला पाणी हवे असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत सौर पंपाची धार बारीक होते. दोन तासांत भिजणारे वाफे चार तासांतही भिजत नाहीत. घरात कुरबुर सुरू होते. कोणी म्हणते, ‘प्लेटा हलक्या दिल्या’. कोणी म्हणते, ‘आणखी दोन प्लेटा बसवा’. कोणी पुन्हा डिझेल इंजिनाची आठवण काढते. यातला कोणताही निर्णय घेण्याआधी दोन दिवस थांबावे आणि या लेखात दिलेल्या क्रमाने तपासणी करावी. काचेखालचे पॅनल सहसा एकाएकी म्हातारे होत नाही. सरकारी योजनेतील पॅनलना २५ वर्षांनंतरही निदान ८० टक्के क्षमता राहावी अशी अट असते. म्हणून धार अचानक घटली, तर कारण बहुधा पॅनलच्या बाहेर असते आणि पुष्कळदा ते बिनखर्चाने दूर होते.

दोष उन्हाकडचा की पाण्याकडचा?

पहिली तपासणी कंट्रोलरच्या पेटीवर करावी. निरभ्र दिवशी दुपारी बारा ते एकच्या दरम्यान पंप चालू असताना पेटीवरचे आकडे वहीत लिहून घ्यावेत. मोटर किती वेगाने फिरते हे तेथे हर्ट्झमध्ये किंवा फेऱ्यांमध्ये दिसते. व्होल्ट, अँपिअर आणि वॅटही दिसतात. त्याच वेळी २०० लिटरचे पिंप धारेखाली ठेवून ते किती सेकंदांत भरते तेही लिहावे.

वेग पूर्वीसारखाच पूर्ण आहे, पण पिंप भरायला वेळ लागतो, तर पॅनल निर्दोष समजावे. विहिरीची किंवा बोअरची पातळी खाली गेली असेल, चाळणी तुंबली असेल, जमिनीखालची पाइपलाइन गळत असेल. मोटर दुरुस्तीहून आल्यानंतर पाणी घटले असेल, तर तीन वायरींपैकी दोन उलटसुलट जोडल्या जाऊन ती उलटी फिरते का, हे मेकॅनिककडून पाहून घ्यावे. वेगच कमी दिसला, तर मात्र दोष उन्हाकडचा, म्हणजे पॅनल ते कंट्रोलर यांच्या दरम्यानचा असतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वीज १० टक्के घटली म्हणजे पाणीही १० टक्केच घटते असे नाही. पंपाच्या ताकदीचा मोठा भाग पाणी वर उचलण्यातच खर्च होतो. वेग एका मर्यादेखाली गेला की मोटर फिरत राहते, पण पाणी वर येत नाही. म्हणून पॅनलवरची थोडी खोटही वाफ्यात मोठी दिसते.

आकड्यांनी घाबरू नये

पाच अश्वशक्तीच्या पंपाला पावणेपाच ते पाच हजार वॅटची पॅनल असतात, मग पेटीवर तेवढे वॅट का दिसत नाहीत, असे पुष्कळजण विचारतात. याची कारणे दोन. पहिले असे की पंप आपल्या गरजेपुरतीच वीज ओढतो. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे पाच अश्वशक्तीचे सुमारे ३,७३० वॅट झाले. मोटर व कंट्रोलर यांची घट धरली तरी पॅनलची सगळी शक्ती क्वचितच लागते.

दुसरे कारण उष्णता. पॅनलवर छापलेले वॅट २५ अंश तापमानाला, चौरस मीटरला १,००० वॅट इतक्या उन्हात मोजलेले असतात. एप्रिल-मे महिन्यांत काचेखालचे तापमान ६० ते ६५ अंशांवर जाते. दर वाढत्या अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. म्हणजे भर उन्हाळ्यात शंभरातले बारा ते सोळा वॅट उष्णताच खाऊन टाकते. ऊन कडक म्हणजे वीज जास्तच, हा समज बरोबर नाही. पॅनलला प्रकाश मानवतो, ताप मानवत नाही. याच कारणाने पॅनलच्या मागे कडब्याची गंज किंवा ताडपत्री लावून वारा अडवू नये.

सावली : रब्बीतला छुपा चोर

पंप बसवायला माणसे उन्हाळ्यात आली, तेव्हा सावली कुठेच नव्हती. पण मे महिन्यात आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्यावर असतो आणि डिसेंबरात तो दक्षिणेकडे कलतो. मध्य महाराष्ट्रात डिसेंबर अखेरीस १० फूट उंचीच्या झाडाची सावली दुपारी बाराला सुमारे ९ फूट आणि सकाळी नऊला सुमारे १८ फूट पडते. म्हणून पॅनलच्या दक्षिणेला, आग्नेयेला किंवा नैर्ऋत्येला काय उभे आहे, हे हिवाळ्यातच पाहावे.

मागच्या हिवाळ्यात आमच्या तालुक्यातील एका कुटुंबाने दोन जादा पॅनल घेण्यासाठी पैसे बाजूला काढले होते. न्याहारी घेऊन शेतात गेलेल्या कारभारणीच्या नजरेस एक गोष्ट आली. पॅनलच्या दक्षिण अंगाला पेरलेली तूर पुरुषभर वाढली होती आणि तिचे शेंडे पॅनलच्या खालच्या कडेवर सावली धरत होते. जूनमध्ये ती गुडघ्याएवढीही नव्हती, म्हणून कोणाच्या ध्यानी आले नव्हते. पुढच्या दोन ओळींचे शेंडे छाटले आणि दुसऱ्या दिवशी सकाळची धार पूर्ववत झाली. बाजूला काढलेले पैसे खतासाठी वाचले.

एवढ्याशा सावलीने एवढे नुकसान का व्हावे? पॅनलमधले लहान चौकोन एकामागून एक जोडलेले असतात आणि पॅनलही तसेच माळेत गुंफलेले असतात. नांगराच्या चार बैलांतला एक बसला की बाकीचे तीन ओढून दमतात, तसेच हे आहे. पॅनलच्या मागच्या डबीतले डायोड सावलीतल्या भागाला वळसा देतात. त्यामुळे पॅनल सहसा जळत नाही, पण त्या भागाची वीज हातची जाते. उभ्या बसवलेल्या पॅनलची खालची वीतभर कड सावलीत गेली, तरी त्याची निम्मी किंवा त्याहून जास्त वीज जाऊ शकते.

तेव्हा तूर, ऊस, मका, शेवगा, केळी ही उंच पिके पॅनलच्या उत्तर अंगाला घ्यावीत. दक्षिणेला कांदा, हरभरा, भुईमूग यांसारखी बुटकी पिके असावीत. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता पॅनलभोवती एक फेरी मारावी. वेल, झेंड्याची काठी, विजेचा खांब, सुकायला टाकलेली चादर, कशाचीही सावली दिसली तर ती हटवावी.

धूळ आणि पाखरांची विष्ठा

मळणीच्या दिवसांत भुसकट आणि रस्त्याकडेची धूळ काचेवर बसते. पाखरांच्या विष्ठेचा डाग तर लहानशा सावलीसारखाच काम करतो. धुळीच्या दिवसांत आठ-दहा दिवसांनी काच पुसावी. वेळ भल्या सकाळची किंवा मावळतीची असावी. तापलेल्या काचेवर गार पाणी मारल्यास ती तडकण्याची भीती असते. पंप आधी बंद करावा. लांब दांड्याला मऊ सुती कापड बांधून जमिनीवरूनच पुसावे. राख, वाळू, काथ्या, धुण्याची पावडर वापरू नये आणि पॅनलवर पाय देऊ नये. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर ते काचेवर वाळू देऊ नये, नाहीतर पांढरा थर धरतो.

ज्यांच्या सांगाड्याला कोन बदलण्याची सोय आहे, त्यांनी हिवाळ्यात पॅनल अधिक उभे आणि उन्हाळ्यात अधिक आडवे करावे. तोंड मात्र दक्षिणेकडेच असावे.

येथे हात लावू नये

इतके करूनही वेग वाढला नाही, तर दोष जोडांत असण्याचा संभव आहे. ढिला जोड, उंदराने कुरतडलेली केबल, वितळलेले प्लग हे नुसत्या डोळ्यांनी लांबून पाहावेत. काचेवर तडा किंवा तपकिरी जळका डाग दिसला तर नोंद करावी. पुढचे काम मात्र तंत्रज्ञाचे आहे.

याचे कारण नीट समजून घ्या. दहा पॅनल माळेत जोडली की साडेचारशे व्होल्टच्या आसपास दाब होऊ शकतो. महावितरणच्या लाइनीचा फ्यूज काढता येतो, सूर्याचा फ्यूज काढता येत नाही. ऊन आहे तोवर पॅनल जिवंतच असते. पंप चालू असताना प्लग ओढला तर ठिणगीचा लोळ उठतो आणि हात भाजतो. मुलांना तेथे खेळू देऊ नये. तसेच आपल्या मनाने माळेत जादा पॅनल जोडू नये. व्होल्ट वाढून कंट्रोलर जळू शकतो आणि हमीवरही पाणी सोडावे लागते.

तक्रार आकड्यांनिशी करावी

२०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम-कुसुम योजनेतून किंवा २०२४ पासूनच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून बसवलेल्या पंपाला पाच वर्षांची देखभाल हमी असते. ‘पाणी कमी येते’ एवढेच कळवले तर तक्रार रेंगाळते. त्याऐवजी तारीख, वेळ, वेग, व्होल्ट, अँपिअर, पिंप भरायला लागलेले सेकंद आणि पेटीवर दिसलेला बिघाडाचा आकडा लिहावा. फोटो जोडावा आणि तक्रार क्रमांक टिपून ठेवावा. तंत्रज्ञ आल्यावर प्रत्येक माळेचे व्होल्ट व अँपिअर वेगवेगळे मोजून घेण्याचा आग्रह धरावा. व्होल्ट ठीक आणि अँपिअर निम्मे असतील, तर दोनपैकी एक माळ तुटलेली असू शकते. व्होल्टच कमी असतील, तर एखादे पॅनल माळेतून गळाले असेल.

हे सारे जमायचे तर पंप चांगला चालू असतानाचे आकडे जवळ हवेत. म्हणून आजच एक वही कंट्रोलरजवळ प्लॅस्टिकच्या पिशवीत टांगावी. दर महिन्याच्या एका निरभ्र दुपारी शाळकरी मुलाला किंवा मुलीला आकडे लिहायला सांगावेत. दहा मिनिटांचे काम आहे. पुढच्या रब्बीत धार बारीक झालीच, तर शेजारी काय म्हणतो यापेक्षा ही वही काय सांगते ते आधी पाहावे.