संदेशन, भ्रमणध्वनीवरील

भ्रमणध्वनी संचांमध्ये लिखित मजकुराची जी देवाणघेवाण होते, तिला भ्रमणध्वनीवरील संदेशन म्हणतात. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत : (१) दूरध्वनी जालाच्या संकेतन व्यवस्थेतून जाणारा लघुसंदेश (एसएमएस) आणि (२) व्हॉट्सॲप, सिग्नल, टेलिग्राम यांसारख्या ॲपमधून इंटरनेटद्वारे जाणारा संदेश. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसत असले, तरी त्यांचे मार्ग भिन्न आहेत. व्याप्ती, खर्च व गोपनीयता यांबाबतचे बहुतेक भेद या मार्गभेदातूनच उद्‌भवतात.

लघुसंदेश : यूरोपात जीएसएम या भ्रमणध्वनी पद्धतीची आखणी चालू असताना, १९८४-८५ च्या सुमारास, फ्रीडहेल्म हिलेब्रांट व बर्नार गिलबेर यांनी ही कल्पना विकसित केली. संभाषण जोडून देणे, संचाचा ठावठिकाणा कळविणे इ. कामांसाठी जालात संकेतन मार्गिका असतातच. त्यांतूनच छोटा मजकूर धाडावा, हे तिचे सूत्र होय. पहिला लघुसंदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये नील पॅपवर्थ या अभियंत्याने संगणकावरून एका भ्रमणध्वनी संचावर पाठविला. त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या.

संदेश प्रथम दूरध्वनी कंपनीच्या संदेश केंद्रात साठविला जातो व प्राप्तकर्त्याचा संच जालात सापडताच पुढे पाठविला जातो. एका संदेशात १४० बाइट म्हणजे १,१२० बिट मावतात. रोमन अक्षरास ७ बिट लागत असल्याने १६० अक्षरांची मर्यादा पडते. देवनागरीसाठी सामान्यतः प्रत्येक चिन्हास १६ बिट योजतात, म्हणून ही मर्यादा ७० चिन्हांवर येते. शिवाय काना, मात्रा, वेलांटी व हलन्त ही स्वतंत्र चिन्हे गणली जातात. ‘महाराष्ट्र’ या शब्दाचीच १० चिन्हे होतात. मोठा मजकूर तुकडे करून पाठवितात आणि तुकडे जोडण्याच्या माहितीसाठी जागा राखल्यामुळे देवनागरीच्या प्रत्येक तुकड्यात ६७ चिन्हेच उरतात. त्यामुळे १५० चिन्हांचा मराठी मजकूर तीन संदेशांइतका ठरतो, तर तेवढ्याच अक्षरांचा रोमन मजकूर एका संदेशात मावतो. दर संदेशागणिक आकार पडे, त्या काळात अनेकांनी रोमन लिपीत मराठी लिहिण्यास हेही एक कारण होते.

इंटरनेट संदेश : या प्रकारात मजकूर, चित्र वा ध्वनी यांचे अंकीय पुडके इंटरनेटमार्गे सेवा देणाऱ्या कंपनीच्या संगणकाकडे व तेथून प्राप्तकर्त्याच्या संचाकडे जाते. अक्षरांची जाचक मर्यादा नसते आणि परदेशी पाठविलेल्या संदेशासही वेगळा आकार पडत नाही. ब्रायन ॲक्टन व यान कूम यांनी २००९ मध्ये स्थापन केलेली व्हॉट्सॲप ही सेवा २०१४ मध्ये फेसबुक कंपनीने विकत घेतली. मात्र सामान्यतः प्रेषक व प्राप्तकर्ता या दोघांकडेही तेच ॲप व इंटरनेटची जोडणी लागते. लघुसंदेशास साधा संचही पुरतो. फेसबुकच्या सेवा ४ ऑक्टोबर २०२१ रोजी जगभर सुमारे सहा तास बंद पडल्या, तेव्हा व्हॉट्सॲपही थांबले. लघुसंदेशांचे दळणवळण मात्र त्यावर अवलंबून नव्हते.

गोपनीयता : लघुसंदेशाचा मजकूर दूरध्वनी कंपनीच्या केंद्रात वाचता येण्याजोगा असतो. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये दोन्ही टोकांमधील कूटलेखन पूर्णतः अंमलात आणले. तेव्हापासून वैयक्तिक संदेशांचा मजकूर मार्गात कंपनीसही उलगडता येत नाही. सर्वच सेवा याबाबतीत सारख्या नाहीत : टेलिग्राममध्ये असे संरक्षण केवळ ‘गुप्त’ संभाषणांस मिळते. शिवाय कूटलेखनाने मजकूर झाकला, तरी कोणी कोणास व केव्हा संदेश पाठविला ही माहिती झाकली जातेच असे नाही. तसेच उघडा संच परक्याच्या हाती पडल्यास कूटलेखन निरुपयोगी ठरते.

या भेदाचे महत्त्व आर्थिक व्यवहारांत विशेष जाणवते. बँकांचा एकवार परवलीचा अंक (ओटीपी) दीर्घकाळ मुख्यतः लघुसंदेशाने येत राहिला, कारण तो कोणत्याही संचावर पोहोचतो. परंतु लघुसंदेश व्यक्तीकडे नव्हे, तर क्रमांकाकडे जातो. ग्राहकाच्या नावे फसवणुकीने दुसरे सिम कार्ड मिळविणाऱ्याच्या हाती तो अंक पडतो व खाते रिकामे होऊ शकते. भारतीय रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या निदेशांत पडताळणीच्या अन्य पद्धतींनाही वाव दिला आणि अंमलासाठी १ एप्रिल २०२६ हा दिनांक ठरविला. व्हॉट्सॲपसारख्या सेवांची नोंदणीही पुष्कळदा लघुसंदेशाने आलेल्या अंकावरच होत असल्याने, क्रमांक गमावल्यास तेथील खातेही धोक्यात येते.

या दोन प्रकारांचा मेळ घालणारी आरसीएस ही सेवा दूरध्वनी क्रमांकावर इंटरनेटद्वारे चित्रे व दीर्घ मजकूर पोहोचविते. ती उपलब्ध नसल्यास लघुसंदेशाचा आधार घेता येतो. ॲपल कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये आयफोनमध्ये तिचा अंतर्भाव केला. तथापि जेथे इंटरनेट पोहोचत नाही वा संच साधा आहे, तेथे लघुसंदेशच उपयोगी पडतो. खासगी मजकुरासाठी दोन्ही टोकांमधील कूटलेखन असलेली सेवा अधिक सुरक्षित होय.