चुनखडीत कोंडलेलं आभाळ

सोलापूरकडे किंवा मराठवाड्यात गेलात, तर एखाद्या ओढ्याच्या काठाशी जरा थांबा. पाण्यानं तुटलेल्या काळ्या दरडीत पांढरट, ओबडधोबड खडे रुतलेले दिसतील. ही चुनखडी. मोसंबीची पानं पिवळी पडू लागली की शेतकरी हिच्याकडेच बोट दाखवतो. तिचा एक खडा उचला, ठेचा आणि त्या पुडीवर लिंबू पिळा.

ऐकू आलं? फस्स! बारीक बारीक बुडबुडे उठले. हा कार्बन डायऑक्साइड, तुमच्या-माझ्या उच्छ्वासातून बाहेर पडतो तोच. पण दगडाच्या पोटात वायू शिरला कसा?

तो आला आभाळातून आणि झाडांच्या मुळांतून, हजारो वर्षांपूर्वी. त्याच्या वाटेनं आपण निघालो, तर ती वाट सह्याद्रीवरून समुद्राच्या तळाशी जाते, तिथून ज्वालामुखीच्या तोंडाशी आणि पुन्हा आभाळात. आणि या फेऱ्यामुळेच पृथ्वी राहण्याजोगी उबदार राहिली आहे!

सुरुवात पावसाच्या थेंबापासून. ढगातून खाली येता येता थेंब हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड पितो आणि किंचित आंबट होतो. स्वच्छातल्या स्वच्छ हवेतला पाऊससुद्धा अगदी सौम्य सोडावॉटरच असतो. तो जमिनीत मुरला की आणखी आंबट होतो, कारण मुळं आणि सूक्ष्मजीव मातीत अखंड श्वास घेत असतात. मातीच्या फटींतल्या हवेत हा वायू बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. झाडं जणू जमिनीखाली सोड्याचा कारखानाच चालवतात.

हे पाणी जाऊन भिडतं आपल्या काळ्या कातळाला. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्हा वाहू लागला. एक थर निवतो न निवतो तोच त्यावर दुसरा. सह्याद्रीचे कडे लांबून पायऱ्यांसारखे दिसतात, ते या थरांमुळेच. आज हा बेसॉल्ट सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे. हातोडीलाही दाद न देणारा हा दगड सोडावॉटरपुढे मात्र हळूहळू नमतं घेतो. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सुटं होऊन पाण्यात उतरतं.

मग मागे काय उरतं? जिथं पाऊस बेताचा, तिथं काळी कसदार माती. जिथं तो धो धो कोसळतो, तिथं विरघळणारं सगळंच वाहून जातं आणि उरतं लोखंड आणि अॅल्युमिनियम. महाबळेश्वरच्या पठारावरचा तांबडा जांभा असाच तयार झाला. म्हणजे तो जांभा हा लक्षावधी पावसाळ्यांनी धुऊन काढलेला काळा कातळच! कापसाचं काळं रान आणि महाबळेश्वरची तांबडी वाट ही एकाच आईची दोन लेकरं. दोघांना वेगळं केलं ते पावसानं.

सुटं झालेलं कॅल्शियम पाण्यातल्या कार्बनच्या सोबतीनं निघतं. महाबळेश्वरहून कृष्णेबरोबर निघालेलं सुमारे 1,400 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळतं. डोळ्यांना ते दिसत नाही. पण बोअरचं पाणी उकळल्यावर पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर बसतो ना? तो थर याच मंडळींचा. कोरड्या मुलखात पाणी मातीतच आटतं आणि तो थर तिथंच खड्यांच्या रूपानं जमतो. लिंबू पिळलं ती चुनखडी हीच.

समुद्रात पोचलेल्या मालाला मात्र गिऱ्हाईक वेगळं मिळतं. शिंपले, प्रवाळ आणि वाळूच्या कणाएवढे असंख्य जीव त्यातून आपली घरं बांधतात. ते मेले की घरं तळाशी साचतात आणि कोट्यवधी वर्षांत त्यांचा चुनखडक बनतो. हवेत आहे त्याच्या हजारो पटींनी जास्त कार्बन आज अशा खडकांत बंद आहे. तो सगळा मोकळा झाला तर? शेजारच्या शुक्राकडे पाहा. त्याच्या हवेत सुमारे 96 टक्के कार्बन डायऑक्साइड आहे आणि जमिनीवर तापमान 460 अंशांच्या आसपास. शुक्रावर नाही तो पाऊस, नाहीत ते शिंपले.

पण थांबा, दगड असा हवेतला कार्बन डायऑक्साइड खातच राहिला तर तो संपणार नाही का? हा वायू आणि वाफ यांची गोधडी नसती, तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे 18 अंश असतं. आज ते 15 अंशांच्या आसपास आहे. मग खर्ची पडलेला वायू परत कोण आणतं?

समुद्राचा तळ! तो वर्षाला काही सेंटीमीटर, म्हणजे आपली नखं वाढतात साधारण तेवढ्या वेगानं सरकतो आणि काही ठिकाणी खंडांखाली शिरतो. खोल उष्णतेत चुनखडक भाजून निघतो. चुन्याच्या भट्टीत होतं तेच इथं होतं, वायू सुटतो आणि ज्वालामुखीतून बाहेर येतो. फेरा पुरा झाला.

आणि खरी कमाल पुढे आहे. हवा तापली की पाऊस वाढतो, दगड भरभर झिजतो, वायू खर्ची पडतो आणि पृथ्वी निवते. थंडी वाढली की झीज मंदावते. ज्वालामुखी मात्र आपलं काम करतच असतात, म्हणून वायू साठतो आणि ऊब परतते. इस्त्री तापली की आपोआप बंद होते, निवली की चालू होते, अगदी तसंच! सूर्य तरुण होता तेव्हा आजच्यापेक्षा सुमारे 30 टक्के मंद होता. तरीही समुद्र द्रवरूप राहिले, त्यात या इस्त्रीचा मोठा वाटा असावा. सुमारे 70 कोटी वर्षांपूर्वी बर्फ विषुववृत्ताजवळ पोचलं, तेव्हाही पृथ्वी कायमची गोठली नाही. बर्फाखाली झीज जवळपास थांबली, वायू साठत गेला आणि अखेर बर्फ वितळलं.

आपल्या सह्याद्रीची कहाणी याहून चकित करणारी. लाव्हा वाहताना त्यानं हवेत अफाट कार्बन डायऑक्साइड सोडला. नंतर तोच दगड उष्ण, पावसाळी पट्ट्यात आला आणि तो वायू परत खाऊ लागला. गेल्या 5 कोटी वर्षांत पृथ्वी थंड होत गेली, त्याला आपल्या बेसॉल्टनंही हातभार लावला असं अनेक शास्त्रज्ञ मानतात.

आता सांगा, हा धडा कोणत्या विषयाचा? भूगर्भशास्त्राचा, हवामानशास्त्राचा, रसायनाचा की जीवशास्त्राचा? एकट्या कोणाच्याच पुस्तकात तो मावत नाही. म्हणूनच विद्यापीठांत 'पृथ्वी प्रणाली विज्ञान' शिकवतात. दगड, पाणी, हवा आणि जीव ही एकाच घरातली माणसं आहेत, एकाचं चुकलं की सगळ्यांना निस्तरावं लागतं, हा त्या विषयाचा पहिला पाठ.

दुसरा पाठ वेगाचा. ही इस्त्री निवायला लाखो वर्षं घेते. कोळसा आणि तेल जाळून आपण दरवर्षी सगळ्या ज्वालामुखींच्या जवळपास शंभर पट कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. कारखाने येण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे 280 भाग होते, आज 420 हून जास्त आहेत. सह्याद्री हे काम नक्की निस्तरेल, पण त्याच्या गतीनं, आपल्या नातवंडांच्या गतीनं नव्हे.

लिंबाचा तो थेंब आठवा. हजारो वर्षांत दगडात बांधलेलं आभाळ त्यानं एका क्षणात मोकळं केलं. बांधायला किती काळ लागतो आणि सोडवायला किती, हे त्या एका 'फस्स'मध्ये ऐकू येतं.