पाळण्यातली अहिल्या

पंचकन्यांत अहल्या पहिली. द्रौपदी, तारा, सीता या नावाच्या बायका आपल्याकडे पुष्कळ. मंदोदरी मात्र सहसा कोणी पाळण्यात ठेवत नाही. मग नवऱ्याचा शाप भोगलेल्या अहल्येचं नाव मुलीला ठेवताना मराठी माणूस बिचकत कसा नाही? माझ्या मते याचं उत्तर पुराणात नाही, 18 व्या शतकात आहे.

पुराणातला गुंता जुनाच. शतपथ ब्राह्मणात इंद्राला चक्क 'अहल्येचा जार' म्हटलं आहे. पुढे कुमारिल भट्टांनी इंद्र म्हणजे सूर्य आणि अहल्या म्हणजे रात्र असा अर्थ लावून देवाची अब्रू झाकली. उत्तरकांड सांगतं, 'हल्य' म्हणजे कुरूपता; ती जिच्यात नाही ती अहल्या. 'हल' म्हणजे नांगर धरला तर न नांगरलेली भुई. गंमत म्हणजे वाल्मीकींच्या बालकांडात शिळा नाहीच. तिथे ती राखेत, वारा खाऊन, कोणाला न दिसता तप करते आणि राम-लक्ष्मणच तिच्या पाया पडतात. कालिदासाच्या रघुवंशात मात्र तिची शिळा झालेली दिसते. आपल्या कानावर पडली ती ही शिळाच.

चौंडीच्या माणकोजी शिंद्यांनी 1725 साली जन्मलेल्या लेकीला हेच नाव ठेवलं. मराठी जिभेवर ते अहिल्या झालं. ती होळकरांची सून झाली. 1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव पडले, 1766 मध्ये सासरे मल्हारराव गेले, वर्षभरात मुलगा मालेरावही. त्यानंतर 1795 पर्यंत महेश्वरहून तिने कारभार हाकला. काशी, सोमनाथ, गया इथली मंदिरं तिने बांधली हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. मला जास्त मोलाचं वाटतं ते वेगळंच: जिच्यामुळे हे नाव तरलं, तिने ते स्वतः मिरवलं नाही. हुकूम निघत ते श्रीशंकराच्या नावाने. तिच्या काळातल्या होळकरी रुपयावर नाव दिल्लीच्या शाहआलम बादशहाचं, आणि खूण म्हणून शिवलिंग नि बेलाचं पान. महेश्वरच्या वाड्यात आजही मातीची चिमुकली शिवलिंगं वळून, पूजा आटोपली की नर्मदेत सोडतात.

पुढे हे नाव घेऊन रस्त्यावर उतरल्या त्या अहिल्या रांगणेकर. 1972 च्या सुमारास मृणाल गोरे आणि त्यांनी महागाईविरुद्ध मुंबईच्या बायकांना हातात लाटणी देऊन बाहेर काढलं. 1977 मध्ये त्या लोकसभेत गेल्या. 2015 च्या 'अहल्या' या बंगाली लघुपटात तर शापच उलटला आहे: तिथे राधिका आपटेची अहल्या तशीच राहते, बाहुल्या होतात त्या पुरुषांच्या.

इंदूरचा विमानतळ, तिथलं आणि सोलापूरचं विद्यापीठ, आणि आता अहमदनगरचं अहिल्यानगर. सरकारी कागदावर नाव बदललं. बोलताना मात्र लोक अजून 'नगरला चाललोय' असंच म्हणतात.